जी. आय. पाइप : एका साध्या नळीची कथा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा समारंभात पाहुण्याने थोर पुरुषांच्या चरित्रावर किंवा शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे अशी प्रथा आहे. मी मात्र आज आपल्यापुढे नळाच्या पाइपावर बोलणार आहे. माझे बहुतेक आयुष्य पाइप, सॉकेट आणि पाने यांच्या संगतीत गेले, आणि माणसाने आपल्याला जे ठाऊक आहे त्यावरच बोलावे, असे माझे मत आहे. शिक्षणाबद्दल मला जे सांगायचे आहे, तेही ह्या पाइपाच्याच आधाराने मला नीट सांगता येईल.

तुमच्यापैकी प्रत्येकाने हा पाइप पाहिला आहे. चाळीच्या भिंतीवरून वर गेलेला, सार्वजनिक नळाला जोडलेला, शाळेच्या आवारातील हातपंपाखाली जमिनीत उतरलेला, राखाडी रंगाचा तो पाइप. कारागीर त्याला ‘जी. आय.’ म्हणतात. ह्या अक्षरांचा अर्थ गॅल्व्हनाइज्ड आयर्न, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. नाव लोखंडाचे राहिले असले, तरी आत लोखंड नसून पोलाद आहे. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत काढली आणि पुढे हळूहळू पाइपही पोलादाचे झाले. नाव मात्र जुनेच चालू राहिले.

पाणी नेण्याची जुनी रीत

नळातून पाणी नेणे ही काही युरोपने आपल्याला शिकविलेली गोष्ट नव्हे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीस मलिक अंबरने खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे नहर-ए-अंबरी बांधली. त्या शहरातील पाणचक्कीला आलेले पाणीही कित्येक किलोमीटर दूरच्या झऱ्यापासून भाजलेल्या मातीच्या नळांतून आणलेले आहे. उतार किती द्यायचा, हवा कोठे सोडायची, ह्याचे त्या कारागिरांचे ज्ञान पाहून आजचा इंजिनिअरही थक्क होतो.

परंतु मातीच्या नळाला एक मर्यादा आहे. तो उताराने वाहणारे पाणी नेतो, दाब फारसा सहन करीत नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायचे म्हटले की नळीच्या भिंतीवर आतून सतत जोर बसतो. तेथे धातू हवा. तांबे महाग. शिसे मऊ आणि आरोग्याला घातक. लोखंड स्वस्त आणि मजबूत, पण पाण्याचे आणि त्याचे हाडवैर. लोखंडाची नळी स्वस्तात करायची कशी आणि ती गंजण्यापासून वाचवायची कशी, हे दोन प्रश्न सुटले तेव्हा आपला जी. आय. पाइप जन्माला आला.

बंदुकीच्या नळीपासून

पहिला प्रश्न इंग्लंडमध्ये सुटला, आणि तोही पाण्यासाठी नव्हे, तर दिव्यांसाठी. १७९२ मध्ये विल्यम मर्डोक ह्या यंत्रज्ञाने दगडी कोळशापासून काढलेल्या वायूने कॉर्नवॉलमधील आपले घर उजळले. पुढे लंडनच्या रस्त्यांवर वायूचे दिवे आले, तेव्हा वायू घरोघर न्यावा कशातून, हा प्रश्न पडला. त्या काळात लोखंडाची बारीक, लांब आणि मजबूत नळी एकाच धंद्यात तयार होत असे : बंदुकीच्या. युद्धे संपल्यावर निकामी झालेल्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून त्यांतून वायू नेला, असे सांगतात. आजही आपला प्लंबर दोन्ही टोकांना आटे असलेल्या आखूड तुकड्याला ‘बॅरल निपल’ म्हणतो. बॅरल म्हणजे बंदुकीची नळी. हत्याराचे नाव पाण्याच्या कामाला आले, ही मला तरी समाधानाची गोष्ट वाटते.

बंदुकीची नळी लोहार ठोकून ठोकून जोडी. त्यात फार वेळ जाई. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाऊस ह्या कारागिराच्या रीतीला पेटंट मिळाले. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घंटेसारख्या तोंडाच्या साच्यातून ओढायची, म्हणजे पट्टीच्या दोन्ही कडा वळून एकमेकींना चिकटतात आणि एका ओढीत नळी तयार होते. पाइप स्वस्त झाला तो येथे.

आता उरला गंज.

जस्त : आपल्याच भूमीची विद्या

मुलांनो, जस्त हा धातू मोठा चुकार आहे. तो खनिजातून बाहेर काढण्याइतकी भट्टी तापविली की त्याची वाफ होते, कारण ९०७ अंश सेल्सिअसलाच तो उकळतो. ती वाफ हवेला लागली की जळून पांढरी राख होते. म्हणून जगातील बहुतेक लोकांना पितळ ठाऊक होते, पण पितळात तांब्याबरोबर असणारे जस्त वेगळे काढता येत नव्हते.

ते काढले राजस्थानातील उदयपूरजवळच्या जावर गावच्या कारागिरांनी. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरायचे, तिचे नळीसारखे तोंड खाली करून ती भट्टीत बसवायची आणि वरून जाळ द्यायचा. म्हणजे वाफ खालच्या थंड भांड्यात उतरते आणि तेथे जस्त जमा होते. एका भट्टीत अशा छत्तीस मुशी. सुमारे आठशे वर्षांपूर्वी हे काम तेथे मोठ्या प्रमाणावर चालू होते, असे १९८० च्या दशकातील उत्खननातून सिद्ध झाले. वापरून झालेल्या मुशींचे ढीग तेथे अजून आहेत आणि गावकऱ्यांनी त्या घरांच्या भिंतींतही बसविल्या आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याच्या आधी सुमारे दीडशे वर्षे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंद केली होती की, जस्ताचा उल्लेख जुन्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत आढळत नाही, पण हिंदुस्थानात अजमेर सुभ्यातील जालोर येथे त्याची खाण आहे.

आपल्या दख्खनमध्ये जस्ताची आणखी एक विद्या बहरली. बहामनी काळापासून बिदरला बिदरी काम चालते. बिदरीची सुरई किंवा पानदान बहुतेक सगळे जस्ताचे असते, त्यात थोडे तांबे. त्यावर चांदीची नक्षी जडवतात, मग बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्याने ते घासतात. जस्त काळे कुळकुळीत होते आणि चांदी तशीच चमकत राहते.

नवसागर हा शब्द लक्षात ठेवा. दारावर येणारा कल्हईवाला तुमच्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भांडे तापवून तो त्यात नवसागराची पूड टाकी, धुराचा लोट उठे, आणि मग कथलाचा हात फिरविला की भांडे रुप्यासारखे होई. नवसागर कशाला टाकायचा, असे त्याला विचारले असते तर तो म्हणाला असता, “उस्तादांनी तसे शिकविले.” उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. नवसागर तापलेल्या धातूवरचा गंजाचा पातळ थर खाऊन टाकतो, म्हणून कल्हई धरते. हे ‘का’ कोणी लिहून ठेवले नाही, कोणी शाळेत शिकविले नाही. त्यामुळे आपली विद्या हातातच राहिली आणि हात थकले की थांबली. जावरच्या भट्ट्याही विझल्या. त्या गावच्या खाणी पुन्हा मोठ्या प्रमाणावर चालल्या त्या स्वातंत्र्यानंतर, आणि १९६६ पासून हिंदुस्थान झिंक ह्या कंपनीकडे गेल्या.

बेडकाच्या पायापासून नळापर्यंत

तिकडे युरोपात काय झाले? इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी हा वैद्यकाचा अध्यापक बेडकांच्या पायांवर प्रयोग करीत होता. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना आणि मेलेल्या बेडकाच्या पायाला टेकविले की पाय झटका देई. हे त्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. वीज बेडकाच्या अंगात आहे, असे त्याला वाटले. अलेस्सांद्रो व्होल्टाने ते खोडून काढले. वीज दोन धातूंच्या भेदातून येते, हे त्याने जस्ताच्या चकत्यांबरोबर दुसऱ्या धातूच्या चकत्या रचून १८०० मध्ये दाखविले. तीच पहिली बॅटरी.

सर हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ह्या ज्ञानाचा उपयोग केला. इंग्रजी आरमाराच्या लाकडी जहाजांना तळाशी तांब्याचा पत्रा ठोकीत, आणि समुद्राचे पाणी तो पत्रा खाई. डेव्हीने सांगितले, तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, म्हणजे समुद्र तो तुकडा खाईल आणि तांबे वाचेल. तसेच झाले. पण तांबे न विरघळल्यामुळे त्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले, जहाजे मंदावली, आणि आरमाराने ती योजना सोडून दिली. सिद्धान्त खरा होता, पण त्याला योग्य जागा मिळाली नव्हती.

ती जागा १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल ह्या इंजिनिअरने शोधली. लोखंड तेजाबात स्वच्छ करून वितळलेल्या जस्तात बुडवायचे, ह्या रीतीचे पेटंट त्याने घेतले. लोखंड जस्तात बुडविता येते, हे मालूँ नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १७४२ मध्येच सांगितले होते. पण जस्त लोखंडाला नुसते झाकत नाही, विजेच्या नियमाने त्याचे रक्षणही करते, हे सोरेलला उमगले होते. म्हणून त्याने ह्या क्रियेला गॅल्व्हानीचे नाव दिले. ज्या गॅल्व्हानीने जन्मात कधी पाइप बनविला नाही, त्याचे नाव आज आपला प्रत्येक प्लंबर घेतो.

पाहा, ह्या साखळीत कोण कोण आहे. बंदुकीची नळी ठोकणारा लोहार, कारखान्यातील कारागीर, वैद्यकाचा अध्यापक, रसायनज्ञ आणि इंजिनिअर. ह्यांतला एक जरी वगळला, तरी आपल्या घरचा नळ कोरडा राहिला असता.

जस्त रक्षण कसे करते

विद्यार्थी मित्रांनो, एक सोपा प्रयोग करा. तीन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला रंग लावा आणि वाळल्यावर एका जागी खरवडा. तिसऱ्याला पत्र्याच्या दुकानातून मिळणाऱ्या जस्ती पत्र्याची बारीक पट्टी घट्ट गुंडाळा, पण खिळ्याचा थोडा भाग उघडा राहू द्या. तिन्ही मिठाच्या पाण्यात वेगवेगळ्या पेल्यांत ठेवा. पहिला लवकरच तांबडा होईल. दुसरा खरवडलेल्या जागी गंजेल आणि गंज रंगाखाली शिरेल. तिसऱ्याचा उघडा भागही पुष्कळ दिवस स्वच्छ राहील, पण पट्टीवर पांढरी पूड धरेल. रंग म्हणजे नुसता पडदा, फाटला की संपला. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, म्हणून शेजारचा ओरखडासुद्धा सांभाळते.

कारखान्यात हे काम असे चालते. पाइप आधी तेजाबाच्या हौदात धुतात. मग पाण्याने धुऊन जस्त आणि नवसागर यांच्या क्षारांच्या द्रावणात बुडवितात. आला पाहा आपला नवसागर! मग पाइप पूर्ण वाळवितात. ओला पाइप तापल्या जस्तात गेला, तर पाण्याची एकदम वाफ होऊन जस्त उसळते आणि माणूस होरपळतो. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि हौद सुमारे ४५० अंशांवर ठेवतात. तेथे जस्त आणि लोखंड एकजीव होऊन मधले थर तयार होतात. म्हणूनच हा मुलामा रंगासारखा पोपडे धरून निघत नाही.

आता थोडे गणित. पाण्याच्या पाइपावर दर चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम जस्त असावे, असा दंडक आहे. अर्ध्या इंची पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर आणि मध्यम जाडीच्या पाइपाचा आतला व्यास सुमारे १६ मिलिमीटर. ६ मीटर लांबीच्या पाइपाचे आतले-बाहेरचे क्षेत्रफळ काढा. ते सुमारे पाऊण चौरस मीटरला थोडे कमी भरेल, आणि जस्त सुमारे २८० ग्रॅम. पाइपाचे वजन सात किलोंहून अधिक. म्हणजे सात किलो पोलादाचे आयुष्य पाव किलोच्या आसपास जस्तावर अवलंबून आहे, आणि त्या थराची जाडी डोक्यावरच्या केसाएवढी आहे!

पालकांनी दुकानात पाइप घेताना एवढे पाहावे. भारतीय मानक १२३९ प्रमाणे पाइप तीन जाडीत येतो. हलक्यावर पिवळा पट्टा, मध्यमावर निळा, जाडावर लाल. कारागीर त्यांना ए, बी आणि सी क्लास म्हणतात. पट्ट्याबरोबर पाइपावर मानकाचा शिक्काही पाहावा. पट्टा कोणीही रंगवू शकतो.

जालना-सोलापूरचा पंप

ह्या पाइपाचा सर्वांत मोठा उपकार कोठे झाला, असे मला विचाराल तर मी शहरातील नळाचे नाव घेणार नाही. मी हातपंपाचे नाव घेईन, आणि त्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्राचा आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळात, कठीण खडकात यंत्राने विंधन विहिरी घेतल्या गेल्या. त्यांवर बसविलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेल्या परदेशी पंपांच्या नकला होत्या. आपल्याकडे एका पंपावर सारे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी ओढी. पंप मोडत. १९७० च्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा देशातील बहुसंख्य हातपंप बंद आढळले. जमिनीखाली पाणी होते आणि बाया रिकामी घागर घेऊन परत जात होत्या.

जालना आणि सोलापूर येथे विहिरींचे काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी स्थानिक वर्कशॉपमध्ये पोलादाचा, जोडकामाचा पंप तयार केला. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी आणि बंद बेअरिंगे आली, आणि पंपाचा पाया काँक्रीटमध्ये पक्का बसू लागला. त्याच कल्पनांवरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रास येथील रिचर्डसन अँड क्रुडास ह्या कारखान्याने मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप सिद्ध केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो तयार होऊ लागला आणि पुढे भारतात लाखोंच्या संख्येने बसला. आफ्रिकेतील देशांतही तो गेला.

ह्या पंपाचे डोके, टाकी, पाया हे सगळे जस्तात बुडविलेले. आणि त्याखाली विहिरीत उतरतात ते ३२ मिलिमीटरचे जी. आय. पाइप, प्रत्येकी ३ मीटर लांबीचे, आट्यांनी एकाला एक जोडलेले. ३० मीटर खोलीला दहा पाइप. मीटरला सुमारे ३ किलो धरले तर पाइप ९० किलो, आतल्या सळ्या २५ ते ३० किलो, त्यात पाणी भरले तर आणखी जवळजवळ ३० किलो. हे सारे ओझे सॉकेटच्या आट्यांवर लोंबकळत असते. आटे वाकडे पाडले किंवा अपुरे फिरविले, तर सगळी माळ विहिरीत जाते आणि गावाचे पाणी तुटते. आटा पाडणाऱ्या माणसाच्या हातात किती घरांची तहान असते, हे ह्यावरून समजेल.

जेथे विज्ञान नसते तेथे

जस्ताचा पाइप अमर नाही. तो कोठे आणि का हरतो, हे ज्याला कळते तोच खरा कारागीर.

पाइप सगळ्यांत आधी आट्यांवर गंजतो. आटे पाडताना डायने जस्त कापून टाकलेले असते आणि तेथे पोलादाची जाडीही कमी झालेली असते. म्हणून जोड घट्ट केल्यावर बाहेर राहिलेल्या आट्यांना जस्ताचा रंग लावायचा असतो. सूत गुंडाळून पाना मारला की काम झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत.

तांब्याचा पाइप जी. आय. पाइपाला थेट जोडला, तर गॅल्व्हानीच्या बेडकाचा खेळ तुमच्या भिंतीत सुरू होतो आणि जस्त लवकर संपते. मध्ये वीज न वाहणारा जोड हवा. सुमारे ६० अंशांहून गरम पाणी सतत वाहिले, तर जस्ताचा रक्षण करण्याचा गुण बिघडू शकतो. विहिरीचे पाणी आम्लधर्मी असेल, तर जस्त विरघळते आणि पंपाला तांबडे पाणी येऊ लागते. मग पंप कितीही चांगला असो, तेथे दुसऱ्या जातीचाच पाइप हवा. पाण्याची परीक्षा न करता पाइप उतरविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

आणि वेल्डिंग करणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. जस्ती पाइप जोडताना उठणारा पांढरा धूर श्वासात गेला, तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाजवळचे जस्त आधी काढावे आणि काम उघड्या हवेत, योग्य मुखवटा लावून करावे.

घरच्या आयांसाठीही दोन शब्द. नवा चकचकीत पाइप काही महिन्यांनी मळकट राखाडी दिसू लागतो, तो बिघडलेला नसतो. हवा आणि पाणी यांच्या योगाने जस्तावर रक्षण करणारा थर चढलेला असतो. परंतु सकाळी पहिले पाणी रोज तांबडे येऊ लागले, तर मात्र जस्त संपून आत गंज धरला आहे, असे समजावे. आपल्या शहरांत पाणी काही तासच येते. बाकीच्या वेळी पाइप रिकामा असतो, आणि एखादे भोक गटाराजवळ असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. जुन्या वस्तीत पावसाळ्यात पोटाचे रोग पसरतात, तेव्हा एक नजर पाइपाकडेही टाकावी. अशा पाइपाला वरून रंग लावून काही होत नाही. तो बदलावाच लागतो.

आज घरातील पाण्यासाठी प्लॅस्टिकचे पाइप पुष्कळ ठिकाणी आले आहेत. ते गंजत नाहीत, हलके असतात, स्वस्तही पडतात. तरी आगीच्या बंबाच्या जोडण्या, उघड्यावरचे आणि मार लागणारे नळ, हातपंप, कठडे, मांडव, शेतातील हरितगृहांचे सांगाडे येथे जस्ती पाइप टिकून आहे. धंद्यात माल बदलत राहतो. कोणता माल कोठे वापरायचा आणि का, हे समजून घेणाऱ्याला बदलाची भीती नसते.

हात आणि पुस्तक

आता पालकांना दोन शब्द सांगतो आणि आटोपते घेतो.

आपल्या मोहल्ल्यांत दोन तऱ्हेची मुले मी पाहतो. एक, लहानपणी शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली गेलेली. त्यांचा हात सोन्याचा असतो. पण दाब किती, उतार किती, तांबे-जस्ताचा जोड का वाईट, हे त्यांना कोणी सांगत नाही. नकाशा त्यांना वाचता येत नाही, म्हणून जन्मभर ती दुसऱ्याच्या हाताखालीच राहतात. दुसरी, शाळेत शिकणारी. ती गॅल्व्हानी आणि व्होल्टा पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पण घरची तोटी गळू लागली तर वॉशर बदलता येत नाही. त्यांना पाना हातात घेण्याची लाज वाटते, आणि ती लाज बहुधा आपणच त्यांना शिकविलेली असते. “नीट अभ्यास कर, नाहीतर प्लंबर होशील,” असे आपण मुलाला म्हणतो. त्या एका वाक्यात आपण मुलालाही दुखावतो आणि ज्याच्यामुळे आपल्या घरात पाणी येते त्या माणसालाही.

ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात पट्टामुंडाई नावाचा भाग आहे. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्लंबिंगमध्ये आहेत आणि देशातील मोठमोठ्या शहरांत काम करतात. ती विद्या नुसती हातात राहू नये म्हणून तेथे प्लंबिंगची स्वतंत्र संस्था निघाली. आपल्या कोकणातूनही १९७० च्या दशकापासून कितीतरी माणसे आखाती देशांत गेली. त्यांना विचारा. काम येणारा आणि कामाबरोबर प्रमाणपत्र, नकाशावाचन आणि थोडी भाषा येणारा, ह्या दोघांत तेथे किती फरक केला जातो, ते ती सांगतील. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, फिटरचा दोन वर्षांचा. तेथे गेलेला मुलगा नापास झालेला नसतो. आणि ही दारे मुलींनाही उघडी आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. पाण्याची ओढाताण ज्यांच्या वाट्याला सर्वांत अधिक येते, त्यांनी पाण्याचे तंत्र शिकू नये, असे कोण म्हणेल?

संस्थेला माझी एक विनंती आहे. शाळेत सुट्टीच्या दिवशी एक छोटी कार्यशाळा चालवावी. एक शिकंजा, एक डाय सेट, दोन पाने आणि थोडे पाइपाचे तुकडे एवढ्यावर ती सुरू होईल. मोहल्ल्यातील एखाद्या अनुभवी उस्तादाला तेथे मानाने बोलवावे आणि शेजारी विज्ञानाच्या शिक्षकांना उभे करावे. उस्तादांनी हात कसा धरायचा ते दाखवावे, शिक्षकांनी ‘का’ ते सांगावे. उस्तादही शिकतील, शिक्षकही शिकतील, आणि मुलांना दोन्ही मिळेल. जावरच्या, बिदरच्या कारागिरांना हे मिळाले असते, तर ह्या कथेतील पुढची नावे कदाचित आपल्याकडची असती. झाले ते झाले. पुढच्या पिढीचे मात्र आपल्या हातात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही डॉक्टर व्हा, वकील व्हा, शिक्षक व्हा, जरूर व्हा. पण जे काही व्हाल ते हाताने करता येईल इतके शिका, आणि हाताने जे कराल त्याचे कारण पुस्तकात शोधा.